तुळशीच्या पाण्यामागे सायकलवर : बोरिवलीचं फाटक ते कान्हेरी

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा हिरमोड होणार नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलाव आहे, पण त्याच्या काठाने चालत किंवा सायकलवर चक्कर मारता येत नाही. तिथे परवानगीशिवाय जाऊ देत नाहीत. मुंबईला पिण्याचं पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तो एक आहे, आणि भोवतीचं सगळं जंगल त्याचं पाणलोट. मी सायकलवर गेले ती वाट मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतची, एका बाजूला सुमारे सहा-सात किलोमीटर. वाटेत तलाव दिसत नाही. तरीही ही सगळी वाट तुळशीचीच आहे असं मला वाटतं, आणि ते का वाटतं तेच लिहायला बसले आहे.

माझे बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते, चावीवाला म्हणजे रस्त्याखालच्या व्हॉल्व्हची भलीमोठी चावी फिरवून एकेका भागाचं पाणी सोडणारा माणूस. त्यांची पाळी बहुतेक वेळा पहाटेची असायची. पावसाळ्यात पेपर आला की पहिल्या पानाआधी ते तलावांच्या पातळीचा तक्ता शोधायचे. सातांत तुळशी सगळ्यात धाकटा. भरला की ८,०४६ दशलक्ष लिटर, आणि सातही तलाव मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर हंड्यांत जेमतेम अर्धा हंडा तुळशीचा. पण हा डोंगरातला, भरपूर पावसातला, त्यामुळे बहुतेक वर्षी आधी भरणाऱ्यांत तो असतो. पातळी १३९.१७ मीटरला टेकली की तुळशी ओसंडतो. पेपरात ते छापून आलं की बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेनने गोल करायचे आणि आईला हाक मारायचे, "तुळशी वाहिला गं!" घरात कुणी पास झाल्यासारखा आवाज असायचा त्यांचा.

बाबा गेल्या वर्षी गेले. या डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी मी आणि माझी अकरावीतली भाची सायकली घेऊन निघालो.

उद्यानातही भाड्याने सायकली मिळतात, पण मला चढासाठी गिअरची हवी होती. म्हणून आमच्या दहिसर पूर्वेतल्या एका छोट्या दुकानातून घेतल्या. दिवसाचे प्रत्येकी अडीचशे रुपये, पाचशे डिपॉझिट, आधारकार्डाची झेरॉक्स. दुकानदार मुलगा बोलायला चांगला, आदल्या संध्याकाळीच सायकली काढून ठेवल्या होत्या. माझी तांबडी, सात गिअरची, सीट माझ्या उंचीला त्याने स्वतः बसवून दिली आणि एक चक्कर मारून बघायला लावलं. भाचीला काळी मिळाली. चेनला तेल होतं, हवा नीट होती, गिअर पडताना खाडखाड नव्हती. एवढं सगळं पाहिलं आणि जे पाहायला हवं होतं तेच पाहिलं नाही. ते उतारावर कळलं.

सहाला घर सोडलं. महामार्गाच्या कडेने फाटकापर्यंतचा टप्पा मी आवडीने सांगण्यासारखा नाही, ट्रक आणि धूर. पहाटेच कापून घ्या. तिकीट खिडकीवर माणसांचं आणि सायकलचं वेगळं तिकीट घ्यावं लागतं. सोमवारी उद्यान बंद असतं हे लक्षात ठेवा, आणि कान्हेरीची लेणीही सोमवारी बंद.

फाटकातून आत गेल्यावर पहिला किलोमीटर माणसांचा आहे. चालायला आलेले आजी-आजोबा, धावणारी मुलं, गांधी टेकडीकडे वळणारी कुटुंबं. तो भराभर मागे टाका. पुढे साग, ऐन, कुंभा, करंज यांची गर्दी सुरू होते आणि हवा एकदम बदलते. आम्हांला दोघींनाही एकाच क्षणी थंडी वाजली. भाची म्हणाली, "मावशी, एसी लावलाय कुणीतरी." महामार्गाचा आवाज कधी बंद झाला ते कळलं नाही, तो बंद आहे एवढंच कळलं.

मग रस्ता दहिसर नदीला भेटतो.

मी दहिसरची. ही नदी मी रोज कामाला जाताना पुलावरून ओलांडते, नाक दाबून. श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा असं करत ती मनोरीच्या खाडीला मिळते आणि आमच्याकडे येईपर्यंत तिला नदी म्हणायला जीभ उचलत नाही. २६ जुलै २००५ला ती आमच्या तळमजल्यावर शिरली होती, तेव्हाही शेजारीपाजारी 'नाला भरला' असंच म्हणत होते. फक्त बाबा 'नदी' म्हणायचे. तिचा उगम तुळशीपाशी आहे आणि ती समुद्रापर्यंत सगळी मिळून बारा-एक किलोमीटर आहे, हे त्यांनी मला शाळेत असताना सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

पुलाशी सायकली स्टँडवर लावून आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो. डिसेंबरात पाणी थोडंच असतं, पण तळाचे गोटे दिसतात. प्रत्येक गोटा वेगळा दिसतो. काळ्या दगडांच्या मधून पाणी वळत होतं, एका खळग्यात बोटभर मासे होते आणि वर एक पान गोल फिरत होतं. वास नाही. म्हणजे ओल्या मातीचा आहे, पण 'तो' वास नाही. भाचीला मी सांगितलं, हीच आपली नदी. तिने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि म्हणाली, "आपलीच? आपल्या पुलाखालची?" या एका जागेसाठी मी या वाटेला पूर्ण गुण देते. दहिसर-बोरिवलीत राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मुलांना आणून हे पाणी दाखवावं असं मला मनापासून वाटतं. नदी घाण जन्मत नाही हे सांगून कळत नाही, बघून कळतं.

पुढे वाट हळूहळू चढायला लागते. दोन्ही बाजूंच्या उतारांवर कारवी आहे. सध्या ती काटक्यांच्या झुडपासारखी दिसते, जाणारा येणारा तिच्याकडे बघतही नाही. पण कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, सगळी एकदम, आणि डोंगरच्या डोंगर निळेजांभळे होतात. मग बी धरून झुडपं मरतात आणि पहिल्या पावसात नवी रोपं उगवतात. २०१६ला मी बाबांना घेऊन बसने कान्हेरीपर्यंत आले होते, ती फुललेली बघायला. तेव्हा त्यांनी मला फुलांपेक्षा मुळं दाखवली. म्हणाले, ही मुळं आहेत म्हणून एवढ्या पावसात उताराची माती जागेवर राहते. माती वाहिली तर तलाव गाळाने भरेल, गाळ भरला तर पाणी मावणार कुठे? झाडांखालचा पालापाचोळाही त्यांनी पायाने सारून दाखवला. वर कोरडा, खाली ओला, त्याच्याखाली भिजलेली माती. पाऊस या पाचोळ्यात मुरतो आणि सावकाश, गाळून खाली जातो. तुळशी १८७९ साली बांधून झाला. शेजारचा विहार तलाव त्याच्याही आधीचा, १८६०चा, मुंबईला नळाने पाणी मिळालं ते पहिल्यांदा विहारचं. इतक्या वर्षांनी अजून दोन्ही तलाव पाणी देतात, त्यात भिंतींइतकंच काम या पाचोळ्याचं आहे. तलावाभोवतीची वाट बंद का, याचं मला पटलेलं उत्तर हेच. माणसांची रीघ लागली की पाचोळा तुडवला जातो, माती उघडी पडते, आणि पाठोपाठ प्लास्टिक येतं.

पवईला तलावाकाठी सायकल आणि जॉगिंगची वाट बांधायला घेतली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने २०२२मध्ये बेकायदा ठरवली. तेव्हा माझ्या सायकलवाल्या मैत्रिणी फार हळहळल्या होत्या. मलाही सायकल प्रिय आहे. पण तलावाचा काठ म्हणजे रिकामी जागा नव्हे. काठावरच्या दलदलीत, गवतात पक्षी घरटी करतात, पवईत मगरी आहेत, त्या ऊन खायला काठावरच येतात. तिथे भराव घातला की तलाव नुसता हौद होतो.

शेवटचे दोनेक किलोमीटर खरे चढाचे. इथे गिअरचे पैसे वसूल झाले. पहिल्या गिअरवर टाकून, घाई न करता, एका लयीत मारत राहिलं तर पन्नाशीची बाईसुद्धा न उतरता वर पोचते. मी पोचले. भाची दोनदा उतरली, कारण ती प्रत्येक वळणावर जोर लावून पुढे जायची आणि मग दमायची. वाटेत एका उंच फांदीवर भृंगराज बसला होता, शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाला पानासारखी पिसं. तो एकामागून एक तीन-चार पक्ष्यांचे आवाज काढत होता. आम्ही पाय टेकून ऐकत राहिलो. तेवढ्यात मागून पाचसहा मुलं आली, हँडलला स्पीकर बांधून, मोठ्याने गाणी लावून. पक्षी उडाला. त्या मुलांना मी थांबवून सांगितलं, बाळांनो, इथे बंद ठेवा. एकाने लगेच बंद केला आणि "सॉरी काकू" म्हणाला. सांगितलं की ऐकतात, म्हणून सांगावं.

कान्हेरीच्या पायथ्याशी सायकलींना साखळी-कुलूप लावून आम्ही पायऱ्या चढलो. इथे वेळ ठेवा, किमान दोन तास. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला मोठा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, बघतात, व्हरांड्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या उंच बुद्धमूर्तींपुढे फोटो काढतात आणि परत फिरतात. तो चैत्य भव्य आहेच, आत गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो. पण माझं बघायचं होतं ते पाणी.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि भिक्षूंच्या राहण्याच्या बहुतेक लेण्यांशेजारी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. तोंड लहान, आत पोकळी मोठी. लहान तोंडामुळे ऊन आत जात नाही, पाणी कमी उडतं. डोंगराच्या पाठीवर पडलेला पाऊस कातळात कोरलेल्या पन्हळींतून वळवून या टाक्यांत सोडलेला आहे. भाचीने एका पन्हळीत बोट घालून ती वरपासून खालपर्यंत चालत चालत शोधली, वळणं घेत घेत ती बरोबर टाक्याच्या तोंडाशी आली. इथल्या प्राकृत शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे. कुणी लेणं दान दिलं, कुणी पोढी दान दिली, आणि देणाऱ्याने ते दगडात कोरून ठेवलं. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बाजूच्या एखाद्या व्यापाऱ्याला वाटलं की पुण्य करायचं तर पाणी साठवायची जागा करून द्यावी. मी त्या टाक्याच्या कडेला बसले आणि मला पहाटे चावी खांद्यावर टाकून निघणारे बाबा दिसले. याच डोंगरावरचं पाणी, आधी पोढीत, मग तुळशीत, मग नळाला. आधीचं काम कुणी केलं त्यांची नावं तरी दगडावर आहेत.

तुळशी तिथून फार लांब नाही. ज्या बाजूला तो आहे त्या बाजूचं जंगल आम्ही बराच वेळ बघत बसलो. दुसऱ्या बाजूला बोरिवलीच्या इमारतींची भिंत उभी होती, आणि मध्ये कुठे सांधाच नाही, जंगल संपतं तिथे इमारत सुरू. भाचीने विचारलं, "तलाव दिसला नाही म्हणून वाईट वाटतंय का तुला?" मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं.

खाण्याचं सांगते. लेण्यांच्या पायथ्याशी पाड्यांवरच्या आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. काकडी उभी चिरून तिखटमीठ लावलेली, पेरू, बोरं. मी त्या दिवशी खाल्लेली काकडी पाणीदार आणि गोड होती, आम्ही दोन-दोन खाल्ल्या. एका मावशींनी पानात बोरं बांधून दिली, वर मूठभर जास्त टाकली. या बायकांकडूनच घ्या, पाकिटातलं काही नेऊ नका. एकतर माकडं पिशवी हिसकावतात, आमच्यासमोर एका मुलाच्या हातून वेफर्सचं पाकीट गेलं. आणि दुसरं, पाकीट तिथेच पडतं. पाणी मात्र माणशी दोन लिटर घरूनच न्या.

आता सायकलचं. उतरताना दुसऱ्याच वळणावर मी मागचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट मुठीला टेकली. चाक तसंच फिरत राहिलं. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर उतारावर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, हे मला माहीत होतं म्हणून तो हळूहळू दाबत, पाय घासत, कडेच्या मातीत सायकल घातली आणि थांबले. पडले नाही. पण हात थरथरत होते. बघितलं तर मागच्या ब्रेकचे रबर झिजून पत्रा दिसत होता आणि वायर ढिली. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारताना हे कळलंच नव्हतं, कारण सपाटीवर कुणी जोराने ब्रेक दाबतच नाही.

त्यामुळे अवघड उताराचा सगळा टप्पा मी सायकल हातात धरून चालत आले, आणि भाचीही माझ्याबरोबर उतरून चालली. चालण्याने मात्र जे दिसलं ते सायकलवरून दिसलं नव्हतं. सागाच्या वाळक्या पानावर टपटप आवाज करत चालणारी मुंगळ्यांची रांग, एका खोडावर नखांचे जुने लांब ओरखडे. ते कुणाचे म्हणून भाची माझ्या जवळ सरकली. हे बिबट्याचं जंगल आहे. रस्ता सोडून आत शिरू नका, लहान मुलांना एकटं पुढे धावू देऊ नका, आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. एवढं पाळलं तर भ्यायचं कारण नाही.

दुकानात परत आल्यावर मी चढ्या आवाजात काही बोलले नाही. सायकल उलटी केली आणि त्या मुलाला मागचा ब्रेक दाखवला. त्याचा चेहरा उतरला. त्याने माझ्या सायकलचं भाडं परत केलं, माझ्यासमोर दोन्ही ब्रेकना नवे रबर घातले, वायर ताणून घेतली आणि भाचीच्या सायकलचेही बदलले. मी त्याला म्हटलं, चढावर नेणार म्हणून सांगितलेली सायकल देताना आधी ब्रेक बघत जा, बाकी सगळं नंतर. दुकानाला मी पाचांत तीन देते. चूक मोठी होती, जीवावर बेतली असती. पण ती त्याने झाकली नाही. तुम्ही कुठूनही सायकल घेतलीत तरी आधी उचलून धरा, चाक हाताने गरागरा फिरवा आणि ब्रेक दाबून ते जागच्या जागी थांबतं का बघा. दोन्ही चाकं. रबर नखाने चाचपा. दोन मिनिटांचं काम आहे.

ज्यांना फक्त चालायचं आहे त्यांच्यासाठी शिलोंड्याची पायवाट आहे. त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते आणि मार्गदर्शक बरोबर असतो. ती जंगलाच्या आतून, ओढ्याच्या सोबतीने जाते. आमची तिथली वारी पावसाळ्यासाठी राखून ठेवली आहे, ओढे वाहताना.

गुण द्यायचे तर वाटेला पाचांत पाच. उन्हाळ्यात हीच वाट दुपारी भाजून काढते, तेव्हा जून ते फेब्रुवारी जा, आणि भर पावसात उतारावर शेवाळ असतं म्हणून पाऊस असेल तर सायकल नको, चाला. पहिल्यांदा जाणाऱ्याने सकाळी लवकरच शिरावं. दहानंतर गर्दी होते आणि पक्षी गप्प होतात.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. पुलाचं, माशांचं, पन्हळीचं. ती चुलीपाशी वाढलेली, मग चाळीत नळावर रांगा लावलेली, तिने ऐकता ऐकता एकच विचारलं, "पाणी स्वच्छ होतं ना?" येत्या शनिवारी तीच तांबडी सायकल सांगून ठेवली आहे. आई कान्हेरीपर्यंत बसने येईल, आम्ही दोघी सायकलवर. परत येताना पुलाशी तिला उतरवून घ्यायचं आहे. कठडा तिच्या छातीपर्यंत येईल, तिथून खालचे गोटे नीट दिसतात.